लागत नाही, मिळतो

परवा बँकेतल्या मुलाने माझी सही तीनदा उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, जुळत नाहीये." त्याच्या स्क्रीनवर माझी कॉलेजातली सही होती, ताठ मानेची, खाली दोन टिंबं ठोकून दिलेली. कागदावर जी होती तिची टिंबं एकमेकांशी भांडून लांब जाऊन बसली होती. त्याने एक फॉर्म पुढे सरकवला. "नवीन नमुना भरून द्या. आणि जरा बसून, शांतपणे करा हां." हे शेवटचं वाक्य त्याने ज्या आवाजात म्हटलं तो आवाज मला पाठ आहे. सकाळी अकरा वाजता प्यायलेल्या माणसाशी सभ्य माणसं त्याच आवाजात बोलतात. फॉर्म मी पिशवीत टाकला. तो भरण्याआधी हे लिहून काढायचं ठरवलं आहे.

आत्मकथन म्हातारपणी लिहावं म्हणतात. माणूस निवांत झालेला असतो, कुणावर राग उरलेला नसतो, चष्मा पुसत पुसत सगळ्यांना माफ करता येतं. मी चौतीस वर्षांची आहे. आमच्या घराण्यात हे वय उतरणीचंच, तेव्हा नियमाला धरूनच चाललंय. फक्त रागाचं तेवढं जमलेलं नाही, ते वाचकांनी सांभाळून घ्यावं.

नायगावच्या बीडीडी चाळीत आमची एक खोली होती आणि त्या खोलीत पाच माणसं: आप्पा, आई, माझी मोठी बहीण सुजाता, मी, आणि आप्पांची विधवा बहीण म्हणजे आत्या. दुसऱ्यांची घरं वासाने ओळखू येतात, आमचं आवाजाने यायचं. स्टीलचा पेला फरशीवर पडला की तो आधी एकदा दणकन वाजतो आणि मग गोल गोल फिरत बराच वेळ कुरकुरत राहतो. तो आवाज आमच्याकडे सकाळी चहाला, दुपारी जेवताना आणि संध्याकाळी पुन्हा चहाला व्हायचा. कपबश्या आईने कधीच पोटमाळ्यावर टाकल्या होत्या. रविवारी सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या असायच्या, आणि आप्पांच्या ताटाखाली आई जुनं वर्तमानपत्र अंथरायची. जेवण झालं की त्या कागदावर इतकं सांडलेलं असायचं की आत्या म्हणायची, "पेपरवाल्यांनी पण जेवून घेतलं बघ." आप्पा हसायचे. हसताना त्यांचा खांदा आपोआप वर जायचा, मान एका बाजूला वळायची आणि डावा हात, कुणीतरी लांबून हाक मारल्यासारखा, हवेत उठायचा.

हे एका दिवसात झालं नाही. आधी बोटं चाळवायला लागली, मग खांदा, मग चालणं. आप्पा बसडेपोत फिटर होते. कामावरून येताना ते आमच्या लांबलचक पॅसेजमधून दोन्ही बाजूंच्या दारांना खांदा लावत यायचे, जणू प्रत्येक घराला विचारतायत, काय, बरंय ना? जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांत चिकटायचे. समोरच्या राणेकाकी दारात तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. मला गाठून हळूच विचारायच्या, म्हणजे त्यांच्या मते हळूच, कारण ते वरच्या मजल्यावर ऐकू जायचं: "काय गो, तुझो बापूस आज सकाळीच टाईट?"

आता यातली गंमत सांगते. आप्पांनी जन्मात दारूचा थेंब घेतलेला नव्हता. उलट ते चाळीतले दारूबंदीचे लाऊडस्पीकर होते. दरवर्षी जयंतीच्या मंडपात आप्पांचं भाषण ठरलेलं. "बाटली आपल्या हातात नसते, आपण बाटलीच्या हातात असतो," हे वाक्य आलं की मंडपामागे बसून पिणारी मंडळीसुद्धा टाळ्या वाजवायची. असा माणूस झोकांड्या खात पॅसेजमधून यायला लागल्यावर चाळीला जो आनंद झाला, तो मी पुढे कुणाच्या लग्नातही पाहिला नाही.

परळच्या सरकारी हॉस्पिटलात खूप खेटे झाल्यावर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं: हंटिंग्टन. आत्याने ते घरी येईपर्यंत 'हंटर' केलं होतं. बाईंनी केसपेपरच्या मागे आकृती काढून समजावलं. मेंदूचा आजार आहे, हळूहळू वाढतो, बरा करणारं औषध नाही, आणि तो आईबापांकडून मुलांत उतरतो. प्रत्येक मुलाला पन्नास टक्के शक्यता. आईने आमच्या दोघींकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे दोघींतल्या एकीला?" बाई म्हणाल्या, "तसं नाही हो. प्रत्येकीचं नाणं वेगळं उडतं. दोघींना असेल, कुणालाच नसेल." आईने मान हलवली, पण तिच्या डोक्यातून ते गणित गेलं नाही. त्या दिवसापासून ती आम्हाला वाढताना आमच्या हातांकडे बघायची. एकीचा हात स्थिर दिसला की लगेच दुसरीचा बघायची.

परतताना आत्या एकदम फूटपाथवर थांबली. "दादा," ती आप्पांना म्हणाली, "आपले बाबा गावाला दारूने गेले असं सगळे म्हणतात. मी त्यांच्या कुशीत झोपायची. मला कधी वास नाही रे आला." बापाच्या नावावरचा डाग पुसला गेला म्हणून खूश व्हावं, की तो डागच बरा होता म्हणावं, हे दोघांनाही कळत नव्हतं.

ते आत्याला घरी आल्यावर कळलं. तेव्हा ताईचं लग्न ठरत आलं होतं. नितीन अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समधला, वडील वाघमारेसाहेब कुठल्याशा कचेरीत मोठ्या टेबलावर. आत्याने दार लावलं आणि फर्मान काढलं: "हंटरचं नाव कुठं काढायचं नाही. बेवडा म्हणतायत ना, म्हणू द्या. बेवड्याची पोरगी खपते. असल्या रोगाच्या घरातली खपत नाही."

मला वाटलं आप्पा ताट भिरकावतील. आप्पांनी शब्द गोळा करायला बराच वेळ घेतला. मग म्हणाले, "सुजाताचं होईपर्यंत. मग सांगा, मी सोडली."

आणि मग सुरू झालं ते नाटक. लोकांच्या घरात बाटल्या लपवतात, आमच्याकडे त्या दिसतील अशा ठेवायच्या होत्या. पण आणायच्या कुठून? आत्या भंगारवाल्याकडून रिकाम्या क्वार्टर विकत आणायची. भंगारवाला आयुष्यभर बाटल्या घेत आला होता, देण्याची ही त्याची पहिलीच वेळ. तो आत्याला दोनदा म्हणाला, "मावशी, चुकून उलटं बोलताय." सकाळी बालवाडीत कामाला निघताना आई एक बाटली कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवायची, लेबल पॅसेजकडे करून. राणेकाकी ती बघून चुकचुकायच्या आणि संध्याकाळी वाटीभर सोलकढी पाठवायच्या. उतारा म्हणून. आप्पांना सोलकढी आवडायची, तेव्हा बेवडेपणाचा एवढा एक फायदा झाला.

वाघमारेसाहेब पहिल्यांदा आले तेव्हा आप्पांचा चहा त्यांच्या पांढऱ्या पँटवर सांडला. ते मोठ्याने हसले. "अहो चालायचंच. कोण घेत नाही?" दुसऱ्या वेळी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून एक भरलेली बाटली आणली आणि व्याही म्हणून आप्पांच्या हातात दिली. आप्पांच्या आयुष्यात हातात आलेली ती पहिली भरलेली बाटली. हात थरथरत होता आणि आत दारू डुचमळत होती, आणि वाघमारेसाहेब आईला डोळा घालून म्हणाले, "बघा, धीर नाही निघत." आईने ती बाटली आप्पांच्या हातातून काढून कपाटात कपड्यांखाली ठेवली. ताई खाली बघून चिवड्यातले शेंगदाणे निवडत राहिली.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि कॉलेजपेक्षा जास्त पत्रकं वाटण्यात होते. आमचा एक गट होता. फीवाढ, पाणीकपात, बिल्डर, जे समोर येईल त्याच्यावर पत्रक. तिथे मला शिकवलं होतं की वाक्य आठ शब्दांच्या पुढे नेऊ नकोस, वाचणारा बसस्टॉपवर उभा आहे, आणि वाक्यात एक तरी फटका हवा. मी फटका मारण्यात पटाईत झाले होते. आणि आमच्याच दारात खोट्या बाटल्या! जगाला खरं सांगत फिरणारी मी घरी येताना त्या बाटलीवरून पाय उचलून आत जायची. एके दिवशी मी बसले आणि एकटाकी लिहून काढलं. मथळा होता: "हा रोग दारूचा नाही, रक्ताचा आहे!" उद्गारचिन्हासकट. मला तो इतका आवडला की मी तो चालता चालता मोठ्याने म्हणत लालबागच्या प्रेसमध्ये गेले.

प्रेस परबकाकांचं. लग्नपत्रिकांपासून श्रद्धांजलीपर्यंत निम्मं गिरणगाव तिथे छापलं जायचं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, मथळा वाचला, पुन्हा वाचला.

"गो चेडवा, ह्या 'रक्ताचो' म्हणजे काय?"

"म्हणजे वंशपरंपरेने येणारा, काका. रक्ताचं नातं म्हणतो ना, तसं."

"तुका तसा वाटता. लोकांक दवाखान्यातलो बोर्ड आठवतलो. रक्तातून पसरता, सुई नवी वापरा. तो रोग."

"आत सगळं समजावलंय काका."

"आत कोण वाचता गो? मी छापतंय, मी पण वाचूक नाय."

मी म्हटलं, मथळा बदलायचा नाही. काकांनी खांदे उडवले आणि पाचशे प्रती काढून दिल्या. आज मला कुणी विचारलं की जनजागृतीत सगळ्यात मोठा अडथळा कोणता, अज्ञान की अंधश्रद्धा, तर मी सांगते, स्वतःच्या वाक्याच्या प्रेमात पडलेली एकोणीस वर्षांची पोरगी.

रविवारी सकाळी मी दारादारांखालून पत्रकं सरकवली. आमच्या बिल्डिंगमध्ये, शेजारच्या बिल्डिंगमध्ये, विहारात. खाली आप्पांचं नाव, खोली नंबर, सगळं. आप्पांना विचारलं होतं का? नाही. ताईला? अजिबात नाही. जनांना जागं करायचं तर त्यांना आधी विचारत बसत नाहीत, अशी आमची समजूत होती.

दुपारपर्यंत चाळ जागी झाली. राणेकाकी सोलकढी घेऊन आल्या, पण वाटी उंबऱ्याबाहेर ठेवली आणि म्हणाल्या, "वाटी नको परत करूस गो, असांदे तुमकाच." संध्याकाळी विहारात खीर होती, तिथे आमच्याच माणसांनी आप्पांसाठी कागदी पेला काढला. एकच. बाकी सगळ्यांना स्टीलचे. वेगळा पेला म्हणजे काय, हे आमच्या माणसांना समजावून सांगण्याची गरज कधी पडलेली नाही, आणि तो पेला त्यांनीच पुढे केला. आप्पांनी खीर घेतली नाही. मंगळवारी ते नेहमीच्या सलूनमध्ये गेले, कारण स्वतःच्या हाताने दाढी करणं केव्हाच बंद झालं होतं. सलूनवाला म्हणाला, "काका, राग नका मानू. ब्लेडचा प्रॉब्लेम आहे ना." आप्पा खुर्चीत अर्धे टेकले होते, तसेच उठले. आठवड्यात दाढी वाढली आणि ते पहिल्यांदा खरोखर बेवड्यासारखे दिसायला लागले.

ताई माझ्यावर ओरडली नाही. तिने पत्रकाची घडी घातली, पुन्हा उघडली आणि म्हणाली, "माझं रक्त तू पाचशे घरांत वाटून आलीस." मग तिने बोलणंच टाकलं. एका खोलीत न बोलता राहायचं म्हणजे निरोप्या लागतो. ते काम आत्याकडे. मी ताईच्या हाताच्या अंतरावर बसलेली, आणि ताई आत्याला सांगणार, "तिला सांग, मीठ सरकव." आत्या मला म्हणणार, "ऐकलंस ना? मग मी कशाला तोंड वाजवू?"

वाघमारेसाहेब पुढच्या रविवारी आले, सोबत नितीन. पत्रक त्यांच्यापर्यंत कुणी पोचवलं ते कळलं नाही. वाटायला नको तिथे पोचवणारी माणसं प्रत्येक चाळीत असतात, ती पत्रकांपेक्षा वेगवान. साहेबांनी चहा नाकारला, पाणी नाकारलं, खुर्चीच्या कडेवर टेकले.

"हे बघा," ते म्हणाले, "दारू होती तोवर आमची काही तक्रार नव्हती. आम्ही समजून घेतलं. पण हे रक्ताचं म्हणजे..."

"डॉक्टरांकडे चला ना," ताई म्हणाली. "त्या नीट सांगतील. हा शिवल्याने होत नाही. मला असेल किंवा नसेलही, ते कुणालाच माहीत नाही. नितीन, तू तरी चल."

नितीन मोबाइल हातात फिरवत होता. "पप्पा बोलतायत ना," तो म्हणाला.

तेव्हा आप्पा उठले. उठायला वेळ लागला, कपाटाला धरावं लागलं, कपाट वाजलं. त्यांची मान वळत होती, हात भरकटत होता, पण नजर त्यांनी साहेबांच्या चेहऱ्यावर खिळवून ठेवली होती. "मी," ते म्हणाले, आणि थांबले. "मी थेंब... घेतला नाही. कधीच."

"घेतला असतात तर बरं झालं असतं हो," साहेब म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. मी त्या माणसाला आजवर पुष्कळ शिव्या दिल्या, पण त्या वाक्यात लबाडी नव्हती. आमच्या समाजाचं जे मत आहे ते त्याने स्वच्छ मराठीत मांडलं.

आई कपाटाकडे गेली. कपड्यांखालून ती बाटली काढली, पदराने पुसली आणि साहेबांच्या मांडीवर ठेवली. "ही तुमची," ती म्हणाली. "सील बघून घ्या."

लग्न मोडलं. आप्पांनी आपलं नाव परत मिळवलं आणि ताईचं ठरलेलं लग्न गेलं. घर एकच होतं आणि मी दोघांच्या मध्ये झोपत होते.

त्यानंतर काही महिन्यांनी पुनर्विकासाचे सर्व्हेवाले चाळीत आले. प्रत्येक खोलीत एकच प्रश्न: खोली कुणाच्या नावावर, पुढे वारस कोण? सगळी चाळ वारशावर बोलत होती. भाऊ भावाशी भांडत होते, गावाकडून नवे वारस उगवत होते. सर्व्हेवाल्याने आत्याला विचारलं, "वडिलांकडून तुम्हाला काही?" आत्या म्हणाली, "भावाला खोली मिळाली आणि हंटर मिळाला. मला दोन्हींतलं काही नाही. पोरीची जात ना." सर्व्हेवाला काय लिहावं या विचारात पेन चावत बसला. आप्पा मात्र एकदम हसायला लागले, खांदा उडवत, हात हवेत फेकत, आणि माझ्याकडे बोट रोखायचा प्रयत्न करत म्हणाले, "हा... शब्द. वारसा. लिही."

मी वही घेऊन बसले. पत्रकाचा दुसरा मसुदा आप्पांनी सांगितला. एकेक शब्द यायला वेळ लागायचा, त्यामुळे एकही शब्द जास्तीचा नव्हता. आमच्या गटाने वर्षभर शिकवूनही जे मला जमलं नव्हतं ते त्यांच्या जड जिभेने एका दुपारी करून दाखवलं. मथळा फक्त तीन शब्दांचा झाला: "लागत नाही, मिळतो." आत्या म्हणाली, "राजेलोकांना मिळतो तसला वारसा. आपल्याला कधी घराणं नव्हतं, आता झालं." तिच्या मागून एक आवाज आला, "उद्गारचिन्ह टाकू नकोस म्हणावं तिला." ताईचा. आत्याकडे बघून, पण माझ्यासाठी. आत्याने तो निरोप दिला नाही. तिने फक्त माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

या वेळी मी आप्पांना विचारलं, खाली तुमचं नाव घालू? त्यांनी पेन मागितला. सही करायला बसले तेव्हा आईने कागद धरला, मी त्यांचं मनगट धरायला गेले तर त्यांनी मला झटकलं. सही कागदाच्या एका कोपऱ्यात सुरू झाली आणि वर चढत जाऊन शेवटच्या परिच्छेदावरून आडवी गेली. परबकाकांनी ती बघितली. "ही साफ करून घालूया? नायतर लोक म्हणतले, घेवन सही केल्यान." मी म्हटलं, "काका, तशीच छापा." काकांनी चष्मा खाली घेतला आणि या वेळी पत्रक शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "तशीच छापतंय."

गठ्ठा घरी आला तेव्हा ताईने अर्धा उचलला आणि चप्पल घातली. कुठे चाललीस, आईने विचारलं. "अँटॉप हिलला." तिने क्वार्टर्समधल्या प्रत्येक दाराची बेल वाजवून पत्रक हातात दिलं. वाघमारेसाहेबांच्या दारातसुद्धा. त्यांना म्हणाली, "पहिल्यात चूक होती. दुरुस्त करून आणलंय." हे तिने मला स्वतः सांगितलं, आत्याच्या मध्यस्थीशिवाय, आणि सांगता सांगता माझ्या ताटातला बोंबील उचलून खाल्ला.

सलूनवाल्याने आप्पांची दाढी पुन्हा करायला घेतली. राणेकाकी काही दिवस आमच्याकडच्या चहाच्या पेल्याकडे बघत बसायच्या, मग एकदा डोळे मिटून चहा पिऊन टाकला, औषध घेतात तसा. विहारात कागदी पेले आले, पण सगळ्यांसाठी. म्हणजे प्रगती झाली म्हणायची. आप्पा पुढे गिळू शकेनासे झाले आणि गेले, ते मला इथे लिहायचं नाही. चाळ पाडली, तेही नाही. आत्या सत्तरी ओलांडून ठणठणीत आहे आणि अजून सांगते की बापाने तिला काही दिलं नाही.

पुढे आम्ही दोघींनी चाचणी करून घेतली. ताईला नाही. मला आहे. जिच्या रक्ताला घाबरून वाघमारेसाहेब पाणी न पिता उठले होते, तिच्या अंगात काहीच नव्हतं. आईचं गणित बरोबर आलं, दोघींतली एक, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसंच, निव्वळ नाण्याची कृपा. आई आता वाढताना फक्त माझ्याच हाताकडे बघते.

हे लिहिता लिहिता आठवडा गेला. काल फॉर्म घेऊन बँकेत गेले. सहीसाठी छोटी चौकट होती. मी बसले, शांतपणे केली, आणि सही चौकटीबाहेर पडून खालच्या सूचनांवरून आडवी गेली. मुलगा म्हणाला, "दुसरा फॉर्म देऊ, मॅडम?" मी म्हटलं, "नको. अशीच येणार. हीच घ्या." पर्समधून आप्पांच्या सहीचं पत्रक काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, मग पत्रकाकडे, आणि ते दोन बोटांच्या टोकांनी, अगदी कडेला धरून उचललं.

"नीट धरा हो," मी म्हटलं. "लागत नाही."